किल्पेकचं चर्च: मान वर करा आणि दोन प्रदक्षिणा घाला

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब होणार आहे. कारण या जागेबद्दल ऑनलाइन बघाल तर बहुतेक लोकांनी "छान, शांत, जुनं चर्च, पार्किंग आहे" एवढंच लिहून सोडून दिलंय आणि ते वाचून आम्हीही जवळजवळ जाणं रद्द करणार होतो. आई भारतातून सहा महिन्यांसाठी आली होती, आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो, आणि मागच्या वेळी एका टूर कंपनीबरोबर पाठवलं तेव्हा तिला आठ दिवसांत अकरा ठिकाणं दाखवली त्यांनी, त्यातली निम्मी बसच्या काचेतून. त्यामुळे यावेळी ठरवलेलं की एका दिवसात एकच जागा, पण ती नीट बघायची.

तर किल्पेक, इंग्लंडमधलं एक खेडं. हेरफर्ड शहरापासून नैऋत्येला साधारण आठ-नऊ मैल, ॲबरगेव्हेनीकडे जाणाऱ्या ए-४६५ रस्त्यावरून आत वळायचं, वेल्सची हद्द तिथून फार लांब नाही. आत वळल्यावर रस्ता एकदम अरुंद होतो, दोन्ही बाजूंनी झुडपांचं कुंपण, समोरून ट्रॅक्टर आला तर कोणीतरी एकाने मागे जायचंच, त्यामुळे नवीन ड्रायव्हर असाल तर सावकाश. गाव म्हणजे मोजकी घरं. चर्चजवळ चार गाड्या लावायला जागा आहे. तिकीट नाही. दार उघडंच होतं, आत कोणी नव्हतं, माहितीपुस्तिका ठेवलेल्या होत्या आणि पैसे टाकायला पेटी. पुस्तिका घ्याच, का ते पुढे सांगते.

गाडीतून उतरल्यावर पहिलं इंप्रेशन मात्र साधं. चर्च खरंच लहान आहे. उंच मनोरा नाही, टोकदार शिखर नाही, पश्चिमेच्या टोकाला घंटेपुरती छोटीशी बांधणी आणि बाकी लालसर करड्या दगडाची लांबट इमारत. आई म्हणाली, "अगं एवढ्यासाठी दोन तास गाडी चालवलीस?" मी काहीच बोलले नाही. दक्षिणेच्या दारापर्यंत पोचलो आणि मग तिचंच बोलणं थांबलं.

ते दार. आता हे शब्दांत कसं सांगू. चर्च साधारण ११४० च्या सुमाराचं आहे, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं झाली, आणि दाराच्या कडेचं कोरीवकाम बघितलं तर वाटतं कारागीर आत्ता छिन्नी ठेवून जेवायला गेलाय. आपल्याकडच्या देवळांच्या दाराला कशा द्वारशाखा असतात, एकात एक बसवलेल्या उभ्या पट्ट्या, तशीच इथे दोन्ही बाजूंना खांबांची रचना आहे, आणि डावीकडच्या बाहेरच्या खांबावर नुसते साप. एकमेकांत गुंतलेले, एकाने दुसऱ्याची शेपटी गिळलीय, कुठलं तोंड कुणाच्या अंगाचं हे बोटाने मागोवा घेत गेलं तरच कळतं (हात लावू नका हं, हवेत बोट फिरवा). त्याच्या आतल्या खांबावर वेलींमध्ये अडकलेले दोन योद्धे, एकाच्या वर एक, आणि त्यांनी घातलेत चक्क सैल पायजमे. मी आजवर मध्ययुगीन युरोपातली जेवढी शिल्पं बघितली त्यात झगे नाहीतर चिलखतं, पायजमा कधी बघितला नव्हता. त्या कापडाच्या चुण्या समांतर रेघांनी काढल्यात, अगदी जवळ जाऊन बघा, रेघ न रेघ वेगळी दिसते. काही जण त्यांना वेल्सचे लढवय्ये मानतात.

उजवीकडच्या खांबाच्या माथ्यावर एक तोंड आहे, मोठे डोळे, आणि तोंडातून दोन्ही बाजूंना वेली बाहेर पडतायत. इंग्लंडमध्ये याला ग्रीन मॅन म्हणतात. आईने बघितलं आणि लगेच म्हणाली, "हे कीर्तिमुख." तिचं माहेर कुरुंदवाडचं, शाळेत शिक्षिका होती, आणि वर्षानुवर्षं पोरांच्या सहली खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात नेलेल्या, त्यामुळे तिला असल्या गोष्टी झटकन दिसतात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं मी अजिबात म्हणत नाही, कृपया कमेंटमध्ये तो वाद नको. पण कोपेश्वराचं देऊळही बाराव्या शतकातलंच, शिलाहारांच्या काळातलं. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना साधारण एकाच शतकात लोक देवाच्या दारात शिरताना मोठ्या डोळ्यांची तोंडं बघत होते. मला हे उभ्या उभ्या जाणवलं आणि अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

दारावरच्या अर्धगोल दगडावर, ज्याला टिंपॅनम म्हणतात, द्राक्षाचे घोस लागलेला वेल आहे, जीवनवृक्ष म्हणतात त्याला. बाकीच्या चर्चमध्ये या जागी बहुतेक वेळा येशू किंवा संत असतात, इथे नुसतं झाड. आणि त्याच्या भोवतीच्या कमानीत आतल्या रांगेला चोचवाली डोकी, बाहेरच्या रांगेला साखळीसारखी एकमेकांना जोडलेली वर्तुळं, प्रत्येकात एखादा पक्षी किंवा विचित्र प्राणी. खाली उजव्या बाजूला वेलीच्या पायथ्याशी दोन पक्षी आहेत, ते पटकन दिसत नाहीत, वाकून बघा.

आता महत्त्वाची सूचना. दार बघून लोक सरळ आत जातात आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन गाडीत बसतात. आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात दोन कुटुंबं अशी येऊन गेली. असं करू नका! या चर्चची अर्धी गंमत छपराच्या कडेखाली आहे. आपल्या वाड्यांत सज्ज्याखाली जसे लाकडी तोडे बाहेर आलेले असतात तसे इथे भिंतीच्या माथ्यावर, छपराखालची पट्टी पेलायला, दगडी तोडे आहेत, इंग्रजीत कॉर्बेल. आख्ख्या इमारतीभोवती. मूळचे ९१ होते, त्यातले ८५ अजून जागेवर आहेत. आणि जवळजवळ प्रत्येकावर वेगळं काहीतरी कोरलंय. पुस्तिका घ्या म्हटलं ते यासाठी, ती हातात असली की एकेक तोडा शोधत जाता येतं.

आईने इथे जे केलं ते मी सगळ्यांना करायला सांगेन. तिने देवळाला घालतात तशी उजवी घालून सावकाश प्रदक्षिणा सुरू केली, मान वर, हातात पुस्तिका, आणि मी मागून फोनचा कॅमेरा झूम करून तिला दाखवत होते. एका तोड्यावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी, दोघांची फक्त डोकी आणि पुढचे पाय, कुत्र्याचे कान पडलेले, सशाचे लांब, आणि चेहरे इतके गोड की आजच्या लहान मुलांच्या पुस्तकात छापले तर कुणाला शंका येणार नाही. एकावर तंतुवाद्य वाजवणारा माणूस. एकावर अस्वलासारखं डोकं, तोंडात माणसं धरलेली. कुठे मिठी मारलेलं जोडपं, की कुस्ती चाललीय, यावर आमच्या दोघींचं एकमत झालं नाही. दाराच्या वरच्या भागात क्रॉस घेतलेलं कोकरू, म्हणजे येशूचं प्रतीक. म्हणजे ससा, गवई, राक्षस आणि देव सगळे एकाच रांगेत, एकाच मापाच्या दगडावर, कोणाला मोठी जागा नाही की छोटी नाही.

आणि मग मागच्या अर्धगोल भागावर ती बाई. शीला-ना-गिग म्हणतात अशा मूर्तींना. मोठं टकलं डोकं, बारीक अंग, आणि दोन्ही हातांनी आपली योनी ताणून उघडी दाखवणारी. मी फोटो आधी बघितलेला होता, आईला सांगावं की नाही या विचारात होते, कारण शेवटी आपली आई. तिनेच बघितली, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "लज्जागौरी असते ना आपल्याकडे." मग आम्ही त्यावर बराच वेळ बोललो, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक या विषयावर. आपल्या लज्जागौरीला बऱ्याचदा डोक्याच्या जागी कमळ असतं, ती प्रसूतीच्या आसनात असते आणि तिची पूजा होते. ही मात्र बघणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून बघते. तिचा अर्थ काय यावर अभ्यासकांची भांडणं आहेत, कोणी म्हणतं वासनेपासून सावध राहा म्हणून, कोणी म्हणतं वाईट नजर पळवायला, कोणी म्हणतं मूल व्हावं म्हणून. मला विचाराल तर मला ती घाबरवणारी वाटली नाही. लहान मुलं बरोबर असतील तर काय सांगायचं ते आपलं आपण ठरवा, पण त्यासाठी तो भाग टाळू नका एवढंच.

पश्चिमेच्या भिंतीवरही जरूर जा, लोक तिकडे फिरकतच नाहीत. तिथे भिंतीतून ड्रॅगनची डोकी बाहेर आलीत, जबडा उघडा, जीभ गुंडाळलेली, लांबून मगरीसारखी दिसतात. दगडातलं कोरीवकाम म्हणून नाही तर लाकडी जहाजाच्या टोकावरच्या कोरीवकामासारखी वाटतात, आणि ते उगीच नाही, उत्तरेकडच्या व्हायकिंग दर्यावर्दी लोकांची वेलबुट्टीची पद्धत या भागातल्या कारागिरांच्या हातात मुरलेली होती. म्हणजे उत्तरेचे साप, नॉर्मन (फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या लोकांच्या) कमानी, आणि आतमध्ये स्पेनची आठवण, सगळं या एवढ्याशा इमारतीत.

स्पेनचं काय ते सांगते. आत गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांना अंधार वाटतो, दोन मिनिटं बाकावर बसा. इमारतीचे तीन भाग आहेत, एकामागे एक, आणि प्रत्येक पुढचा भाग मागच्यापेक्षा अरुंद. लोक बसतात तो लांबट भाग, मग पाद्र्यांचा भाग, मग टोकाला अर्धगोल ॲप्स, जिथे वेदी. आपल्याला मंडप, अंतराळ, गाभारा ही सवय असल्यामुळे काही समजावून सांगावं लागत नाही, पाय आपोआप कुठे थांबायचं तिथे थांबतात. पहिल्या आणि दुसऱ्या भागामधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना खांबांवर संत कोरलेत, प्रत्येक बाजूला तीन, एकाच्या डोक्यावर दुसरा उभा असावा तसे. एकाच्या हातात किल्ली आहे म्हणून तो सेंट पीटर हे ओळखता येतं. खांबावर असे माणसांवर माणसं उभे करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये फार दुर्मिळ, आणि अभ्यासक तिचा धागा स्पेनमधल्या सान्तियागो दे कॉम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपर्यंत नेऊन जोडतात.

तो धागा कसा आला तर याच जिल्ह्यात शॉब्डन नावाचं गाव आहे, तिथे ऑलिव्हर दे मेरलिमाँ नावाच्या माणसाने चर्च बांधलं, तो मॉर्टिमर या सरदार घराण्याचा कारभारी होता आणि सान्तियागोची यात्रा करून आलेला. पंढरपूरला जाऊन आलेला माणूस गावात विठ्ठलाचं देऊळ बांधतो तसंच. त्या कामावर जे कारागीर होते त्यांच्याच हाताखाली किंवा त्यांच्याच परंपरेत किल्पेकचं काम झालं असं मानतात, आणि या सगळ्या कामांना मिळून हेरफर्डशर स्कूल म्हणतात. यातल्या एकाही कारागिराचं नाव माहीत नाही. ब्रिन्सॉप, फाउनहोप, रोल्स्टन, स्ट्रेटन सगवस अशा खेड्यापाड्यांत त्यांचे दगड विखुरलेत.

आणि शॉब्डनचं काय झालं हे कळल्यावर मला किल्पेकची खरी किंमत कळली. १७५० च्या दशकात तिथल्या जमीनदार बेटमन घराण्याने जुनं चर्च पाडून नवीन फॅशनचं बांधलं आणि जुन्या कोरीव कमानी उचलून टेकडीवर उघड्यावर, बागेची शोभा म्हणून उभ्या केल्या. पावणेतीनशे वर्षांच्या पावसाने त्या इतक्या झिजल्यात की संत कुठला आणि वेल कुठली ते बऱ्याच ठिकाणी नुसतं अंदाजाने ओळखायचं. हाच काळ, हीच शैली. इकडे किल्पेकला पायजम्याच्या चुण्या मोजता येतात, तिकडे चेहरे गेले. दगड चांगला होता हे आहेच, पण किल्पेकमध्ये कोणी मोठं करायच्या भानगडीत पडलं नाही हेही आहे. बाकी गावांत लोकसंख्या वाढली, पैसा आला, तशा भिंती पाडून बाजूला दालनं काढली, मनोरे चढवले. इथे गाव उलट आक्रसत गेलं. गरज पडली नाही म्हणून चर्च वाचलं.

गाव एकेकाळी मोठं होतं ही कल्पना चर्चच्या मागे गेलात की येते. तिथे मातीचा उंच ढिगारा आहे, त्यावर दगडी भिंतीचे दोन-तीन तुकडे उरलेत, तो नॉर्मन किल्ला. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (राजाने करवून घेतलेली इंग्लंडमधल्या जमिनींची मोजदाद) हे गाव विल्यम फिट्झ नॉर्मनकडे असल्याचं आहे आणि चर्च बांधलं त्याच्याच घराण्यातल्या ह्यू याच्या काळात. ११३४ मध्ये ह्यूने इथलं चर्च ग्लॉस्टरच्या सेंट पीटर मठाला दान दिलं. इंग्लंडचा राजा जॉन या किल्ल्यात येऊन राहिलेला आहे! आता तिथे मेंढ्या चरतात. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात किल्ल्याची उरलीसुरली बांधणीही पाडली. बाजूच्या शेतात जमीन जी खालीवर दिसते ती जुन्या वस्तीची खूण, घरं होती तिथे. किल्ल्याच्या टेकाडावर चढताना गवत निसरडं असतं, आईला मी वर नेलं नाही, मी एकटी जाऊन आले. वरून चर्च खेळण्याएवढं दिसतं.

नॉर्मन येण्याच्याही आधी इथे चर्च होतं. आता चर्च सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड या दोघांच्या नावाने आहे, आणि डेव्हिड हा वेल्सचा संत, कारण हा भाग मुळात वेल्श लोकांचा. बाहेरून मुख्य भागाचा ईशान्येचा कोपरा बघा, तिथलं बांधकाम बाकीच्या भिंतीशी जुळत नाही, दगड वेगळ्या पद्धतीने लावलेत, तो तुकडा सॅक्सन काळातला. बांधणाऱ्यांनी जुनं सगळं काढून टाकलं पण तो कोपरा ठेवला. तिथे पाटी वगैरे दिसली नाही, माहीत नसेल तर सरळ पुढे निघून जाल.

अजून एक माणूस लक्षात ठेवायला हवा, लुईस कॉटिंगहॅम, आर्किटेक्ट. १८४० च्या दशकात त्याने याच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलं. त्या काळात इंग्लंडभर "दुरुस्ती"च्या नावाखाली जुनी चर्च घासूनपुसून नवीन करून टाकली लोकांनी, त्यामानाने इथे हात आवरता घेतलाय असं मला वाटलं. आपल्याकडे देवळांना ऑइलपेंट मारतात, फरशा बसवतात, ते बघून जीव जळतो त्या सगळ्यांनी इथे येऊन ॲप्सच्या छताकडे बघावं. नागमोडी नक्षीच्या दगडी फासळ्या चारी बाजूंनी वर येऊन मधल्या कोरीव दगडात मिळतात, रंग नाही, काही नाही, आणि खिडक्यांतून जेवढा उजेड येतो तेवढाच.

हे म्युझियम नाही हेही लिहायला हवं. हे त्या गावचं पॅरिश चर्च आहे, म्हणजे गावातल्या लोकांचा बाप्तिस्मा, लग्न, शेवटचा निरोप सगळं इथेच होत आलंय आणि अजूनही प्रार्थना होते. आत भल्यामोठ्या दगडी बाप्तिस्मापात्राजवळ ताजी फुलं ठेवलेली होती, कोणीतरी त्याच सकाळी आणलेली, देठांना पाणी होतं. म्हणून रविवारी सकाळी जाणार असाल तर प्रार्थनेची वेळ आधी बघा, आणि आत मोठ्याने बोलू नका, कब्रस्तानात मुलांना थडग्यांवर चढू देऊ नका. आणि पेटीत पैसे टाका. तिकीट नाही म्हणून फुकट बघून जायचं असं नको, छपराखालच्या त्या ८५ तोड्यांवर पाणी पडू नये याचा खर्च त्या मोजक्या घरांवर पडतो. आम्ही वहीत नावं लिहिली, आईने मराठीत लिहिलं, "दगड बोलतात ते ऐकलं. पुन्हा येईन."

न आवडलेलं काही असेल तर इतकंच की गुडघे दुखणाऱ्यांना बाहेर बसायला जागा कमी वाटली, आणि बसने कसं यायचं ते मला तरी जमलं नसतं, गाडी हवीच. जेवणाचं गावातच पबमध्ये बघा, पण वेळा विचारून जा, आम्ही डबाच नेलेला होता, मेथीचे ठेपले आणि दही, गाडीत बसून खाल्ले.

दुर्बीण न्या. खरंच न्या. फोनच्या झूमने चेहरे फाटतात, आणि तोडे उंचावर नसले तरी बारकावे दुर्बिणीशिवाय हाती लागत नाहीत. दिवस निवडताना ऊन असलेला निवडा, दार दक्षिणेकडे आहे, तिरप्या उन्हात सापांच्या अंगावरच्या रेघांची सावली पडते आणि ते हलल्यासारखे वाटतात. ढगाळ दिवशी सगळं सपाट दिसतं. पहिली प्रदक्षिणा पुस्तिका न उघडता घाला, दुसरी पुस्तिका घेऊन. आम्हाला बाहेरचं बघायला दीड तास लागला आणि आतलं अर्धा तास.

आणि हातात दिवस उरला असेल तर घरी परत न जाता अर्डिस्लीला जा, पाऊण तासाच्या आसपास लागेल. तिथल्या चर्चमध्ये याच कारागिरांच्या परंपरेतलं बाप्तिस्मापात्र आहे, त्यावर दोन सरदार लढतायत, एकाचा भाला दुसऱ्याच्या मांडीत घुसलाय, आणि पलीकडे येशू एका माणसाला हाताला धरून नरकाच्या गुंत्यातून बाहेर ओढतोय. त्या ओढल्या जाणाऱ्या माणसाचं वाकलेलं अंग बघा, आणि मग त्या सरदारांच्या पायांकडे बघा, किल्पेकच्या दारातले पायजमे लगेच आठवतील.